डेटाबेस सत्र आणि ऑपरेटिंग सिस्टिममधील प्रोसेस

डेटाबेस सत्र म्हणजे वापरकर्ता डेटाबेस सर्व्हरशी जोडला गेल्यापासून ती जोडणी तुटेपर्यंतचा कालखंड होय. सत्र ही डेटाबेसची संकल्पना आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतात त्या केवळ प्रोसेस आणि थ्रेड. ('प्रक्रिया' हा मराठी शब्द उपलब्ध असला, तरी त्याच्या व्यापक अर्थामुळे येथे घोटाळा होतो.) प्रोसेसची मेमरी स्वतंत्र असते, एकाच प्रोसेसमधील थ्रेड मात्र मेमरी वाटून घेतात.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मुख्य प्रोसेस प्रत्येक नव्या जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस निर्माण करते. म्हणून पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये सत्रासमोर दिसणारा क्रमांक लिनक्सच्या 'टॉप' आज्ञेतही सापडतो. एखादी क्वेरी समांतर चालली, तर मदतनीस प्रोसेसही तात्पुरत्या दिसतात.

मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरची प्रोसेस एकच असून प्रत्येक जोडणीस सामान्यतः एक थ्रेड मिळतो. त्याच्या प्रोसेसलिस्टमधील क्रमांक डेटाबेसचा स्वतःचा असतो, ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये निष्क्रिय सत्राकडे थ्रेड नसतोच. काम आले की तो दिला जातो. ओरॅकल युनिक्सवर समर्पित प्रोसेस देतो किंवा काही मोजक्या प्रोसेस अनेक सत्रांत वाटतो. विंडोजवर तो थ्रेड वापरतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. अडकलेले सत्र बंद करण्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएलच्या एका प्रोसेसवर 'किल -९' चालवल्यास मुख्य प्रोसेस इतर सर्व सत्रेही तोडते व डेटाबेसची पुनर्प्राप्ती सुरू करते. सामायिक मेमरी अर्धवट बदललेली असू शकते, हे त्यामागचे कारण. पूर्ण झालेले व्यवहार सुरक्षित राहतात. इतरांचे अपूर्ण व्यवहार मात्र रद्द होतात. एकाचे काम थांबवताना सर्वांचे थांबते, असा हा प्रकार. त्याऐवजी आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड व गरज पडल्यास पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरावे. मायएसक्यूएलमध्ये प्रोसेस मारणे म्हणजे संपूर्ण सर्व्हर बंद पाडणे. तेथे एसक्यूएलमधील 'किल' आज्ञाच योग्य.

जोडण्यांची मूळ कमाल मर्यादा पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १००, तर मायएसक्यूएलमध्ये १५१ असते. प्रत्येक प्रोसेसला मेमरी लागत असल्याने ही मर्यादा वाटेल तेवढी वाढवणे हिताचे नसते. पीजीबाउन्सरसारखी साधने अनेक ग्राहकांना थोड्या जोडण्यांवर भागवतात. व्यवहारनिहाय पद्धतीत मात्र लागोपाठचे दोन व्यवहार वेगवेगळ्या प्रोसेसवर जाऊ शकतात. त्यामुळे आधीच्या व्यवहारात बनवलेला तात्पुरता तक्ता पुढच्या व्यवहारात सापडेलच, असे नाही.