बर्फवाल्याचा संघ

डरहॅममध्ये लोक ज्याला 'आयसी' स्मिथ म्हणत, त्याचा धंदा आणि माझ्या वडिलांचा धंदा एकच. बर्फाच्या लाद्या पाडायच्या आणि वितळायच्या आत गिऱ्हाइकाला पोचवायच्या. वडील रत्नागिरीला बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला अमोनियाचा वास असायचा आणि हाताची कातडी पांढरट, सुरकुतलेली. पुढे मीही शीतयंत्रांच्याच कामात पडलो. मुलगी शिकायला उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमला गेली, तिच्याकडे आम्ही दोघं महिनाभर राहायला गेलो, तेव्हा तिथल्या वाचनालयात गावाच्या इतिहासाच्या कपाटात हा स्मिथ भेटला. कॅथीड्रलच्या पुस्तकांसाठी गेलो होतो. आलो ते आइस हॉकीची पुस्तकं घेऊन. "बाबा, तुम्हाला क्रिकेटही धड बघवत नाही," असं मुलगी म्हणाली. खरं आहे. पण बर्फ कुणी पाडला आणि कसा पाडला, हे मला सोडवत नाही.

जॉन स्मिथ मूळ डार्लिंग्टनचा बर्फवाला. खाटीक आणि मासेविके ही त्याची गिऱ्हाइकं. डरहॅम शहराला वीअर नदीचा मोठा वेढा पडलेला आहे. मधल्या उंच कड्यावर १०९३ साली पाया घातलेलं कॅथीड्रल आणि शेजारी किल्ला. कड्याच्या खाली, नदीच्या बंधाऱ्याला लागून धान्य दळायची एक जुनी पाणचक्की होती, बिशप्स मिल. स्मिथने ती घेतली. दळणाचे दिवस संपले होते, पण पाण्याचा जोर तसाच होता. त्याने त्या पाण्यावर वीज काढली आणि विजेवर बर्फ. नदीच्या पाण्याने नदीकाठीच बर्फ पाडायचा, कोळशाचं बिल नाही, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बाहेर बघत बसलो. आमच्या कारखान्यात महिन्याचं वीजबिल आलं की मालकाचा चेहरा कसा व्हायचा, ते मी लहानपणी पाहिलं आहे.

पण घराघरांत आणि दुकानांत विजेचे फ्रीज येऊ लागले की लादीचा धंदा बसणार, हे कुठल्याही बर्फवाल्याला आधी कळतं. आमच्याकडे मासळीने कारखाने तारले. डरहॅमला समुद्र नाही. स्मिथने दुसरा मार्ग काढला. बर्फ विकण्याऐवजी बर्फावर उभं राहण्याचे पैसे घ्यायचे. १९४० साली, महायुद्ध पेटलेलं असताना, त्याने नदीकाठी उघड्यावर स्केटिंगची रिंक सुरू केली.

ज्यांनी बर्फाचा कारखाना पाहिला आहे त्यांना रिंक समजावून सांगायला वेळ लागत नाही. कारखान्यात अमोनियाने मिठाचं पाणी शून्याच्या खाली नेतात आणि त्या पाण्याच्या हौदात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे सोडतात. डब्यात लादी तयार होते. रिंकमध्ये तेच थंडगार खारं पाणी जमिनीखाली नळ्यांच्या जाळ्यातून फिरवतात आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवतात. दोन-तीन बोटं जाडीची एकच लादी, पण मैदानाएवढी. लादीवाल्याला यात नवीन काही नाही. नवीन होतं ते धाडस. लढाईच्या दिवसांत, उघड्या आभाळाखाली, कोळसा खाणींच्या मुलखात रिंक.

पावसाने आणि उन्हाने बर्फाची वाट लागू लागली म्हणून त्यावर मोठा तंबू ठोकला. तंबूचे खांब उभे होते थेट बर्फातच. डार्लिंग्टनजवळच्या विमानतळावर कॅनडाच्या हवाई दलाच्या तुकड्या होत्या. रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणारी ही विशीतली पोरं सुट्टीच्या दिवशी डरहॅमला येऊन हॉकी खेळत. घराकडे गोठलेल्या तळ्यांवर खेळलेली मुलं ती; इथे खांब चुकवत खेळायला लागली. त्यांचा खेळ बघायला काठावर खाणकामगारांची मुलं उभी राहू लागली. १९४४ साली वादळाने तंबू फाडून नेला. मग स्मिथने लाकडी छताची पक्की इमारत बांधली. लढाईत मोठी मनुष्यहानी होणार म्हणून शवपेट्यांसाठी फळ्या साठवून ठेवल्या होत्या, त्या उरल्या आणि स्मिथने त्या उचलून रिंकला वापरल्या, असं डरहॅममध्ये सांगतात.

लढाई संपल्यावर वर्षा-दोन वर्षांत इथला संघ उभा राहिला. नाव डरहॅम वॉस्प्स, म्हणजे गांधीलमाश्या. सुरुवातीला त्यात मागे राहिलेले कॅनेडियन होते, पण काठावर उभी राहणारी मुलं मोठी होत होती. १९५५ साली स्मिथ कुटुंबाने समुद्रकाठच्या व्हिटली बे गावात दुसरी रिंक काढली आणि तिथल्या संघाशी वॉस्प्सचं जे वैर सुरू झालं ते चाळीस वर्षं टिकलं. १९६० साली देशातली व्यावसायिक लीग बंद पडली, लंडनचे मोठे संघ मोडले. उत्तरेकडचे हे दोन-चार संघ मात्र हौसेवर, आपसांत सामने लावत जगले. १९६६ पासून त्यांची नॉर्दर्न लीग सुरू झाली. त्या वर्षांबद्दल पुस्तकांत फार नाही. पण मला तीच वर्षं महत्त्वाची वाटतात.

का, ते सांगतो. रिंकचा बर्फ दिवसभर विकलेला असतो. तिकीट काढून स्केटिंग करणाऱ्या लोकांवर रिंक चालते. हॉकीच्या संघाला मिळतात ते पहाटेचे आणि रात्री उशिराचे तास. यंत्र तर चोवीस तास चालूच असतं, ते बंद ठेवून भागत नाही. त्यामुळे मालक जर गावचा असेल, पोरांना ओळखणारा असेल, तर तो या उरलेल्या तासांत पोरांना बर्फावर सोडतो. आमच्या कारखान्यातही लादीचा फुटका तुकडा उन्हाळ्यात आळीतल्या पोरांना मिळायचा, त्याची कुठे नोंद नसायची. डरहॅममध्ये वर्षानुवर्षं असे नोंद नसलेले तास साठत गेले आणि त्यातून खेळाडू तयार झाले. पीटर जॉन्सन आधी स्वतः वॉस्प्सकडून खेळला, मग त्याची तीन मुलं, स्टीफन, अँथनी आणि शॉन. स्टीफन आणि इयन कूपर हे भाऊ. पॉल स्मिथ. गोलात फ्रँकी किलन. इतर शहरं कॅनडातून माणसं आणून संघ भरत होती, तेव्हा या गावात ब्रिटिश खेळाडू घरचे पिकत होते.

१९८२ साली ब्रिटिश हॉकी लीग निघाली, पाठोपाठ हायनिकन बिअरवाल्यांचा पैसा आला, आणि हा अर्धव्यावसायिक खेळ रंगात आला. अर्धव्यावसायिक म्हणजे काय, तर प्रत्येक संघात परदेशी खेळाडू तीन, ते पगारी. बाकीचे दिवसा आपापल्या कामावर जाणारे. मिळालेच तर सामन्यामागे थोडे पैसे. शनिवारी रात्री दोनशे मैलांवर सामना, रविवारी घरी दुसरा, सोमवारी सकाळी कामावर हजर.

१९८४-८५ च्या हंगामात वॉस्प्सनी लीग जिंकली. हे वर्ष पुन्हा वाचून बघा. मार्च १९८४ ते मार्च १९८५, बरोब्बर त्याच काळात खाणकामगारांचा संप चालू होता. डरहॅमच्या खाणींतली गावंच्या गावं वर्षभर बिनपगारी होती. शेवटी संप मोडला आणि पुढच्या नऊ-दहा वर्षांत त्या कोळसापट्ट्यातली एकेक खाण बंद होत गेली. शेवटची, संडरलँडची वीअरमथ, १९९३ साली. हाच वॉस्प्सचा सुवर्णकाळ. १९८६ ला पुन्हा लीग, मग १९८९, १९९१, १९९२. हंगामाच्या शेवटी लंडनला वेम्ब्लीत ब्रिटिश अजिंक्यपदाचे सामने व्हायचे. ते वॉस्प्सनी चार वेळा मारले: १९८७ ला मरेफील्डला ९-५, १९८८ ला फाइफला ८-५, १९९१ ला पीटरबरोला ७-४ आणि १९९२ ला नॉटिंगहॅमला ७-६. १९९२ च्या त्या आकड्यावर माझं बोट थांबलं. अंतिम सामन्यात तेरा गोल, आणि फरक एकाचा. तेव्हा रिक ब्रेबंट हा कॅनेडियन गोलांचा पाऊस पाडत होता, आणि मधली दोन वर्षं कार्डिफला जाऊन आलेले कूपर बंधू घरी परतले होते.

वाचनालयातून निघून मी रोज नदीकाठी जायचो, पण तिथे बघायला काही उरलेलं नव्हतं. नेमकं कुठे काय होतं हे कळेना. एके दिवशी बंधाऱ्याजवळच्या कठड्याला टेकून सत्तरीतले एक गृहस्थ उभे होते, त्यांना विचारलं. मी भारतातून आलोय, बर्फवाल्याचा मुलगा आहे, आणि स्मिथची रिंक शोधतोय, असं म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हात पुढे केला. "मग तुम्हाला कळेल," म्हणाले. लहानपणी ते याच रिंकमध्ये स्केटिंग शिकले. बोलताना त्यांनी कोटाच्या खिशातून एक पक काढला. हॉकीचा हा चेंडू नव्हे, रबराची चकती: तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, हातात घेतली तर पावशेराहून कमी भरेल. कडेची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली, एका बाजूला पांढऱ्या रंगाचा ओरखडा. मी बोटांनी दाबून पाहिली. जराही दबली नाही. सामन्याआधी पक गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही, सरकत जातो. हे मला माहीत होतं, पण त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकलं.

पुढची गोष्ट ते थोडक्यात बोलले, मीही थोडक्यात सांगतो. १९९१ साली शेफील्डला हजारो खुर्च्यांचं अरीना उभं राहिलं, मग मँचेस्टरला, मग न्यूकॅसलला. खेळात मोठा पैसा येऊ लागला आणि डरहॅमच्या लाकडी रिंकला तो परवडेना. न्यूकॅसल युनायटेड फुटबॉल क्लबचे अध्यक्ष सर जॉन हॉल यांना बार्सिलोनाच्या धर्तीवर एकाच छत्राखाली अनेक खेळांचा क्लब उभा करायचा होता. १९९५ साली त्यांनी वॉस्प्स विकत घेतले. एक हंगाम संघ डरहॅमच्याच नावाने संडरलँडला खेळला. १९९६ साली पूर्ण व्यावसायिक सुपरलीग सुरू झाली, संघ न्यूकॅसलच्या अरीनात गेला आणि नाव पडलं न्यूकॅसल कोब्राज. त्याच वर्षी डरहॅमची रिंक बंद झाली. न्यूकॅसलच्या त्या संघाचं नाव पुढच्या पाच वर्षांत आणखी दोनदा बदललं.

विकणारे आणि घेणारे यांनी काही वावगं केलं असं मी म्हणणार नाही. धंदा होता, सौदा झाला. पण मी यंत्रवाला माणूस आहे, आणि मला दिसतं ते असं: कागदावर नाव विकत मिळालं, खेळाडूंचे करार मिळाले, पण पहाटेचे ते तास कुठल्याच करारात नव्हते. ते डरहॅमच्या इमारतीत होते, आणि इमारतीतलं यंत्र थांबवलं. बर्फाचं यंत्र थांबलं की काय होतं ते मी पाहिलेलं आहे. आधी काही कळत नाही. लादी बराच वेळ तशीच राहते. मग कडेने पाणी सुटतं. आज डरहॅमच्या पोराला बर्फावर उतरायचं तर बिलिंगहॅमला नाहीतर व्हिटली बेला जावं लागतं. आईबापाकडे गाडी आणि वेळ दोन्ही असेल तर.

रिंकच्या इमारतीत पुढे बोलिंग ॲली आली. २०१३ साली ती पाडली आणि जागेवर सरकारी कचेऱ्यांची इमारत झाली, फ्रीमन्स रीच. पासपोर्टचं काम तिथे चालतं. बंधाऱ्याशी आता पोलादी आर्किमिडीज स्क्रू बसवला आहे. नदीचं पाणी त्यावरून खाली येतं, तो संथ फिरतो आणि कचेरीला वीज देतो. मी पाऊण तास त्याकडे बघत होतो. स्मिथने जे केलं तेच, त्याच बंधाऱ्यावर.

गृहस्थांना निघायचं होतं. जाता जाता म्हणाले, "या, दाखवतो." आणि कचेरीच्या बाजूच्या फरसबंदीवर मोठ्या ढांगा टाकत चालायला लागले. मी मागे. ही निळी रेषा, म्हणाले. ही मधली तांबडी. इथे आमची बाकं, माझे वडील इथे बसायचे. जेवणाची सुट्टी झाली होती. गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं कागदी कपातली कॉफी सांभाळत आमच्या बाजूने वळसा घालून जात होती. एका काचेच्या दाराजवळ ते थांबले, वळले, पाय फाकवून उभे राहिले आणि गुडघ्यांत किंचित वाकले.

"गोल इथे," म्हणाले.

मग पक माझ्याकडे टाकला. मी तो जमिनीवर ठेवला आणि बुटाने सरकवला. फरशीवर तो खडखडत थोडा गेला आणि आडवा पडला, त्यांच्यापर्यंत पोचला नाही.