मधुमेह, हृदयपेशी आणि स्त्री-पुरुषभेद

मधुमेही स्त्रीच्या हृदयाला त्याच व्याधीने ग्रस्त पुरुषाच्या हृदयापेक्षा अधिक झळ पोहोचते, हे वैद्यकाला अर्धशतकापासून ठाऊक आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार हृदय निकामी होण्याचे प्रमाण मधुमेही पुरुषांत मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट, तर मधुमेही स्त्रियांत सुमारे पाचपट होते. या तफावतीचा एक धागा हृदयपेशीच्या ऊर्जा-चयापचयात सापडतो.

हृदयाला विसावा नाही. म्हणूनच त्याच्या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. निरोगी हृदय बहुतांश ऊर्जा मेदाम्लांपासून मिळवते. उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट आणि कीटोन यांपासून. गरजेनुसार इंधन बदलता येणे हे त्याचे खरे सामर्थ्य, आणि मधुमेहात नेमके तेच हरपते. पेशी इन्शुलिनला दाद देईनाशी झाली की ग्लुकोज आत नेणारी वाहक प्रथिने तिच्या पृष्ठभागावर पुरेशी येत नाहीत. रक्तात साखरेचा पूर, पण पेशीची भिस्त मात्र मेदावर! मेदाम्लांपासून तेवढीच ऊर्जा मिळवायला ग्लुकोजपेक्षा अधिक प्राणवायू खर्ची पडतो. वापराविना उरलेला मेद पेशीत साचतो, तंतुकणिकांना इजा होते आणि कालांतराने हृदयाचा स्नायू ताठर बनतो.

निरोगी स्त्रीचे हृदय मुळातच पुरुषाच्या हृदयापेक्षा ग्लुकोज कमी वापरते, असे सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात झालेल्या पेट स्कॅनच्या अभ्यासांत दिसून आले. म्हणजे मधुमेह ज्या दिशेने ढकलतो, त्या दिशेला तिचे हृदय आधीच थोडे कललेले असते. तंतुकणिकांना जपणाऱ्या इस्ट्रोजेनचे छत्रही रजोनिवृत्तीनंतर उरत नाही. अर्थात सारा दोष पेशीच्या माथी मारणे योग्य नव्हे. मधुमेहाचे निदान होईपर्यंत स्त्रियांचे वजन पुरुषांच्या तुलनेत अधिक वाढलेले असते, आणि उपचारांतही त्या मागे राहतात. शिवाय प्रयोगशाळांनी दीर्घकाळ प्रामुख्याने नर प्राण्यांवरच प्रयोग केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लिंगभेदाचा विचार संशोधनात आवश्यक ठरवला तो २०१६ मध्ये. इतका उशीर समर्थनीय म्हणता येणार नाही.

गोमंतकीयांना हा विषय दूरचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले; देशाची सरासरी ११.४ टक्के होती.

ताठर झालेले हृदय रक्त बाहेर फेकण्यात उणे पडत नाही, तर दोन ठोक्यांच्या मधल्या काळात नीट सैलावत नाही. त्यामुळे इकोच्या अहवालातील पंपिंगचा आकडा सामान्य असूनही जिना चढताना धाप लागते, पावले सुजतात, थकवा हटत नाही. असा विकार स्त्रियांत अधिक आढळतो आणि बहुधा वयाच्या किंवा घरकामाच्या खात्यावर मांडला जातो. पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेही स्त्रीला ही लक्षणे जाणवल्यास डॉक्टरांकडे हृदयाच्या सैलावण्याविषयीही मुद्दाम विचारणा करावी.