टिळकांचा दरबार

मी उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये राहतो. आमच्याकडे कुणी 'दरबारात जाऊन येतो' म्हणाले, तर ते राजाच्या भेटीला निघालेले नसतात. सिंधी मंडळी आपल्या प्रार्थनास्थळाला दरबार म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. माणसांचे घरदार मागे राहिले, पण देवाशी असलेले नाते त्यांनी सोबत आणले.

'दरबार' हा शब्द ऐकला की मला आणखी एक दरबार आठवतो. तो होता रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. शाळेच्या पुस्तकामुळे आपण त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखतो. कोकणातल्या ब्राह्मण घराण्यातल्या या कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू यांची ताटातूट झाली. नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना पंढरपूरला नेले. ज्या देवाने जवळ बोलावले, त्याच्याकडे जाताना संसार मोडत होता.

पुढे लक्ष्मीबाई परत आल्या, पण आपला धर्म आणि सोवळे सांभाळूनच. टिळकांनी धर्मासाठी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात विचारांचे चक्र सुरू झाले. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर माणसांच्या जन्मात, मरणात, देहात फरक दिसला नसता का? त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्मा नंतर, १९०० साली झाला. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. त्यांची श्रद्धा आधी स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या हंड्याशी बदलली. कागदोपत्री नोंद मागाहून झाली.

टिळकांचेही तसेच. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी मराठीपण टाकले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. परदेशी चालींवरच्या गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. मराठी माणसाने देवाशी आपल्याच भाषेत, टाळांच्या साथीने बोलावे, ही त्यांची तळमळ होती.

१९१७ साली, वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही तिथे जागा होती. येशूचा शिष्य व्हायला आपली माणसे सोडावी लागू नयेत, हा त्यामागचा विचार. अनेकांना तो पटला नाही. पण एकदा स्वतःचे घर दुभंगलेले पाहिलेल्या माणसाला तो सुचावा, यात मला नवल वाटत नाही.

दरबाराला फार आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्यातले बहुतेक अध्याय पुढे लक्ष्मीबाईंनी रचले. एकेकाळी नवऱ्याच्या धर्मामुळे दुरावलेली बाई उतारवयात ख्रिस्ताची कथा ओवीत सांगत होती. टिळकांचा दरबार खरा टिकला तो इथे, असे मला वाटते.

संध्याकाळी आमच्या गल्लीत एका घरी दिवा लागतो, दुसऱ्या घरी प्रार्थना होते आणि कुणी डोक्यावर रुमाल बांधून दरबाराकडे निघते. परतताना हीच माणसे एकमेकांना 'जेवलात का?' असे विचारतात. देवाशी नाते जडले आहे की नाही, हे ओळखायला टिळक दांपत्याने याहून वेगळी खूण सांगितली नसती.