सिलिंडरची झीज, मोटार-एंजिनातील (धाराशिव जिल्हा)

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात १९३२ साली निझामाच्या रेल्वेने बसवाहतूक सुरू केली. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला. बालाघाटचे चढ, उन्हाळा व धूळ या तिन्ही गोष्टी येथील एंजिनास प्रतिकूल. त्यांत विहिरींचे जड (दुष्फेन) पाणी रेडिएटरमध्ये घातले, की क्षारांचे पुट बसून उष्णता बाहेर पडत नाही. एंजिन अतितप्त झाले की वंगणाचा पापुद्रा तुटतो, दट्ट्या भिंतीला घासतो व तीवर उभे ओरखडे उठतात.

झीज केवळ घर्षणाने होते, ही समजूत फार काळ टिकली. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये सी. जी. विल्यम्स यांच्या प्रयोगांनी थंड भिंतीवरील आम्लयुक्त ओलावाही ती वाढवितो, असे दाखविले.

झीज वरच्या कडीच्या (रिंगच्या) परतीच्या जागी सर्वाधिक असते. तेथे व खाली, परस्परांशी काटकोनात व्यास मोजल्यास निमुळतेपणा व अंडाकृती कळते. नव्याने बांधलेल्या एंजिनात मात्र अतितापनानंतर संपीडन कमी झाल्यास दोष भिंतीचाच, असे मानणे घाईचे ठरते. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून दाब पुन्हा मोजावा : तो वाढला तर गळती कड्यांजवळून, न वाढला तर झडपांतून किंवा हेड गॅस्केटमधून. ही साधी चाचणी न करताच बोअर वाढविण्याची चाल कारखान्यांत आढळते. दर खेपेस व्यास साधारणतः ०.२५ ते ०.५० मिमी. वाढतो, भिंत पातळ झाल्यावर लायनर बसविण्यावाचून मार्ग उरत नाही.