खारदांडा: किनाऱ्यावरचे जबाबदार डिझाइन

खारदांडा हा मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील कोळीवाडा. पूल, इमारत किंवा वस्तू आखताना ती वापरणारा, तिची झळ सोसणारा आणि भोवतालचा निसर्ग या तिघांचा विचार आराखड्यातच करणे, याला जबाबदार डिझाइन म्हणतात. व्हिक्टर पापानेक यांच्या 1971 च्या ‘डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड’ या पुस्तकाने हा विचार जगभर पोहोचवला. खारदांड्यात त्याची कसोटी लागते. नकाशावर मोकळी दिसणारी इथली जागा म्हणजे बोंबील वाळवण्याची, जाळी विणण्याची, होड्या ओढून ठेवण्याची जागा असते. समोरच्या समुद्रातून वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूची आखणी झाली आहे, आणि मासेमारीच्या वाटा व जागा जातील म्हणून इथल्या कोळ्यांनी त्याला विरोध केला.

हा विरोध भावनेपोटी नाही, हे वरळीच्या उदाहरणावरून कळते. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या (कोस्टल रोड) पुलाखालून वरळी कोळीवाड्याच्या होड्या जातात. तिथे दोन खांबांमधले अंतर 60 मीटर ठरले होते आणि प्रशासनाच्या मते ते पुरेसे होते. कागदावर ते पटते. होडीची रुंदी त्याहून कितीतरी कमी. पण वारा आणि प्रवाहाची ओढ असताना होडी सरळ रेषेत जात नाही, समोरून दुसरी येते, आणि इंजिन बंद पडले तर ती थेट खांबावर जाऊ शकते. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, रोज ठाऊक असलेली ही गोष्ट आराखड्यात नव्हती. दीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर 2022 मध्ये एक खांब वगळून अंतर 120 मीटर करण्याचा निर्णय झाला. कोळ्यांची मागणी याहून जास्त होती, तरी तेवढ्या बदलाने वाट खुली राहिली.

लाखो प्रवाशांसाठी थोड्या मच्छीमारांनी सोसावे, असा आक्षेप घेतला जातो. वरळीत मात्र पूलही झाला आणि वाटही राहिली; निवड या दोहोंत करायची नव्हतीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बदल आंदोलनाने घडला, डिझाइनने नव्हे. हे खरे आहे. पण आंदोलनाने मागितले ते दोन खांबांमधले अंतर, म्हणजे डिझाइनच. तेच आखणीच्या टप्प्यावर तांडेलांसोबत बसून ठरले असते, तर सुरू झालेल्या कामात खांब वगळण्याची वेळ आली नसती. खारदांड्यासमोरच्यासारख्या पुलांची आखणी करणाऱ्यांनी होडीतून एक फेरी मारून मगच खांबांच्या जागा पक्क्या कराव्यात.