ॲमेझॉन : ग्रीक कल्पनेतील युद्धप्रिय स्त्री-जमात आणि तिचा ऐतिहासिक आधार

प्रस्तावना :
प्राचीन ग्रीक पुराणकथांमध्ये ॲमेझॉन या युद्धप्रिय स्त्रियांच्या जमातीला महत्त्वाचे स्थान आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या तुर्कस्तानातील थर्मोडॉन नदीच्या मुखाजवळ थेमिस्किरा हे त्यांचे नगर होते, असे ग्रीक लोक मानत. केवळ स्त्रियांचे राज्य असलेली अशी जमात प्रत्यक्षात होती, याला पुरावा नाही. तथापि, ही कथा निव्वळ कल्पना म्हणून बाजूला सारणेही इतिहासाच्या दृष्टीने योग्य ठरत नाही. ही कल्पना कोणत्या समाजाने, कोणत्या गरजेपोटी जोपासली आणि तिच्यामागे कोणते वास्तव होते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

साहित्यातील स्वरूप :
होमरच्या ‘इलियड’मध्ये ॲमेझॉनांचा उल्लेख पुरुषांच्या तोडीच्या योद्ध्या असा येतो. पुढील कथांमध्ये हेराक्लीज राणी हिप्पोलिटाचा कमरपट्टा हस्तगत करतो, थीसियस अँटिओपीला पळवून अथेन्सला आणतो, तर ट्रॉयच्या साहाय्यास आलेली पेंथेसिलिया अकिलीजच्या हातून मारली जाते. या सर्व कथांचा साचा एकच आहे. ॲमेझॉन शूर आहेत, ग्रीक वीराच्या बरोबरीच्या आहेत. परंतु शेवटी त्यांच्या वाट्याला पराभव, अपहरण किंवा मृत्यू येतो. भारतीय परंपरेतील जैमिनीय अश्वमेधात स्त्रीराज्याची राणी प्रमिला अर्जुनाचा घोडा अडविते आणि कथेची परिणती विवाहात होते. दोन्ही परंपरांचा परस्परसंबंध सिद्ध करता येत नसला, तरी स्वतंत्र स्त्रीसत्तेला कथेच्या शेवटी पुरुषसत्तेच्या चौकटीत आणण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे दिसते.

‘ॲमेझॉन’ म्हणजे ‘स्तनरहित’, अशी व्युत्पत्ती ग्रीकांनी लावली आणि धनुष्य चालविण्यासाठी त्या उजवा स्तन नष्ट करीत, अशी समजूत रूढ झाली. परंतु ग्रीक शिल्पांत व चित्रित मृत्पात्रांवर त्या दोन्ही स्तनांसह दाखविल्या आहेत. म्हणजेच शब्दावरून रचलेली ही कथा खुद्द ग्रीक कलावंतांनीही स्वीकारलेली दिसत नाही.

अथेन्सचे राजकारण :
इ. स. पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचा अक्रोपोलिस जाळला. त्यानंतर ॲमेझॉनांच्या अथेन्सवरील स्वारीची व त्यांच्या पराभवाची कथा नगराच्या अभिमानाचा विषय बनली. इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात उभारलेल्या पार्थेनॉनच्या पश्चिम बाजूवर हे युद्ध कोरले गेले. अनेक चित्रांतून ॲमेझॉनांच्या अंगावर पूर्वेकडील लोकांसारखी तुमान व बाह्यांचा पोशाख दिसतो. पूर्वेकडून आलेला शत्रू आणि पुरुषाची आज्ञा न मानणारी स्त्री, या दोन्ही भीती अथेन्सने एकाच प्रतिमेत साठविल्या. ज्या नगरात नागरिकांच्या स्त्रियांना सभेत मताचा अधिकार नव्हता, त्याच नगराने ही प्रतिमा आपल्या प्रमुख मंदिरावर कोरावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भटक्या समाजांचे वास्तव :
हिरोडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकात वेगळी माहिती नोंदविली. त्याच्या कथनानुसार, ॲमेझॉन व सिथियन तरुण यांच्या मीलनातून सौरोमाती लोक निर्माण झाले. त्यांच्या स्त्रिया घोड्यावर बसून शिकार करीत, पुरुषांसारखा पोशाख घालीत आणि युद्धात भाग घेत. शत्रूला ठार केल्याखेरीज मुलीचा विवाह होत नसे. सिथियन हे भारतीय इतिहासात शक म्हणून परिचित असलेल्या लोकांशी संबंधित अशा गवताळ प्रदेशातील भटक्या समाजांपैकी होत.

या प्रदेशातील उत्खननांनी हिरोडोटसच्या वर्णनाला काही अंशी बळ दिले आहे. २०१९ मध्ये रशियातील व्होरोनेझ प्रांतातील देवित्सा येथे इ. स. पू. चौथ्या शतकातील एका दफनात चार स्त्रियांचे अवशेष मिळाले. त्यांतील सर्वांत लहान १२-१३ वर्षांची, तर सर्वांत मोठी ४५-५० वर्षांची होती. त्यांच्यासोबत लोखंडी बाणाग्रे व भाले होते. अन्यत्र काही स्त्रियांच्या अस्थींवर शस्त्राघाताच्या खुणाही आढळल्या आहेत.

तूवा येथील सारिग-बुलुन दफनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८८ मध्ये तेथे कुऱ्हाड, धनुष्य व बाणांसह पुरलेल्या बालयोद्ध्याचे अवशेष सापडले. शस्त्रे असल्यामुळे तो मुलगा असावा, असे गृहीत धरले गेले. २०२० मध्ये जनुकीय तपासणीतून ती मुलगी असल्याचे स्पष्ट झाले. पुरावा तीन दशके उपलब्ध होता. त्याचे वाचन मात्र पूर्वग्रहाच्या आधारे झाले होते. शस्त्र म्हणजे पुरुष, या समजुतीमुळे अशा अन्य दफनांचेही चुकीचे वर्गीकरण झाले असणे शक्य आहे.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. दफनातील शस्त्र हे दर वेळी प्रत्यक्ष लढल्याचा पुरावा नसते. तसेच या स्त्रिया पुरुषांसह राहणाऱ्या समाजाच्या घटक होत्या. त्यांचे स्वतंत्र राज्य नव्हते.

निष्कर्ष :
१) ॲमेझॉन ही जमात काल्पनिक असली, तरी तिच्यामागे अश्वारूढ, शस्त्रधारी भटक्या स्त्रियांचे वास्तव असावे.
२) या वास्तवाचे ‘पुरुषविरहित राज्य’ ग्रीकांनी केले. स्त्री-पुरुष दोघेही शस्त्र धरतात, अशा समाजाची कल्पना करण्यापेक्षा पुरुषच नसलेल्या समाजाची कल्पना त्यांना सोपी वाटली असावी.
३) ग्रीकांनी शस्त्रधारी स्त्रीला अद्भुत ठरविले, तर आधुनिक अभ्यासकांनी तिला काही वेळा पुरुष ठरविले. दोन्ही ठिकाणी मूळ स्त्री दृष्टीआड झाली. म्हणून इतिहासाच्या अध्यापनात पुराव्याइतकेच त्याच्या वाचनामागील गृहीतक तपासणे आवश्यक ठरते.