नारायणगुडा, माझी आत्या आणि र. धों. कर्वे



ह्या ग्रूपवर आपण विवेक वर्धिनीच्या, गणेशोत्सवाच्या, सुलतान बाजारातल्या दुकानांच्या आठवणी लिहितो. आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. कुणाला अवघडल्यासारखं वाटलं तर क्षमा असावी, पण विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाचा.

नारायणगुडा म्हटलं की कुणाला केशव मेमोरियल शाळा आठवते (न्यायमूर्ती केशवराव कोरटकर ह्या आपल्या मराठी माणसाचं नाव तिला आहे, हे आता मुलांना मुद्दाम सांगावं लागतं), कुणाला दीपक टॉकीज, कुणाला ताजमहाल हॉटेलातली इडली. मला आधी आठवते ती इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन. कुत्रं चावलं की तिथे, परदेशी जायचं तर लस टोचायला तिथे, रक्त तपासायचं तर तिथे. बँकेत असताना रक्तदान शिबिराच्या निमित्ताने माझ्या तिथे फेऱ्या व्हायच्या. आणि दर वेळी फाटकातून आत जाताना मला माझी आत्या आठवायची.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आमचं मूळ घर उस्मानाबादकडचं, तेव्हा ते निजामाच्या राज्यात होतं. 1944 साली तिचं लग्न होऊन ती हैदराबादला आली. नवऱ्याला सरकारी नोकरी, तीही दौऱ्याची. पहिलं मूल आठव्या महिन्यात मेलेलं जन्मलं. दुसरं वीस दिवस जगलं. तिसरंही पोटातच गेलं. मग गाणगापूर झालं, तुळजापूर झालं, त्र्यंबकेश्वरला जाऊन नागबळी झाला. "पांढऱ्या पायाची" हा शब्द घरात मोठ्यानेच बोलला जायचा. सासूबाईंनी मुलाच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू केली. दोष बाईच्या कुशीत, नशिबात, पत्रिकेत, सगळीकडे शोधून झाला. नवऱ्याकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझ्या वडिलांच्या मनात आलं, ते एका मासिकामुळे. वडील एका वकिलांकडे कारकून होते. मुंबईला गेले की जुनी पुस्तकं घेऊन यायचे. त्यांच्या ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली, 'समाजस्वास्थ्य'चे काही अंक होते. आईला ठाऊक होतं, पण तिने कधी विचारलं नाही. त्या अंकांवर बाईचं उघडं चित्र असायचं, त्यामुळे दिवाणखान्यातल्या कपाटात त्यांना जागा नव्हती.

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म 1882. गणिताचे प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायचे. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी तिथलं पहिलं केंद्र काढलं, म्हणजे आपला माणूस जगाच्या मागे नव्हता. हा प्रचार की नोकरी असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. जुलै 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, बहुतेक एकट्याने चालवलं. पत्नी मालतीबाई पाठीशी होत्या. पैसा कधीच पुरला नाही.

संततिनियमनामुळे कर्वे सगळ्यांना माहीत असतात. पण 'गुप्तरोगांपासून बचाव' ह्या नावाचंही त्यांचं पुस्तक आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांचं म्हणणं गणितासारखं सरळ होतं. हे रोग जंतूंमुळे होतात. जंतूला पाप-पुण्य कळत नाही. हिवतापाच्या रोग्याला आपण नीती शिकवत बसत नाही, औषध देतो. मग ह्यालाही तेच लागू. टाळण्याची साधनं आहेत, ती लोकांना समजावून सांगावीत.

ह्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1931 साली शंभर रुपये दंड. 1934 सालच्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं आक्षेपार्ह ठरवली गेली. तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. पण लोक प्रश्न विचारत राहिले, आणि कर्वे उत्तरं छापत राहिले.

आता ह्या रोगांचं थोडं. आपल्या बोलीत उपदंशाला 'गरमी' म्हणतात आणि दुसरा 'परमा'. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' ह्या वैद्यकग्रंथात उपदंशाला 'फिरंग रोग' म्हटलंय, कारण तो फिरंग्यांबरोबर आला असं वैद्यांनी पाहिलं होतं. तिकडे युरोपात इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा म्हणत. रोग नेहमी शेजाऱ्याचाच असतो! उपाय म्हणजे पाऱ्याची औषधं. त्यांनी दात पडायचे, तोंड यायचं, आणि रोग बहुधा शरीरात दबा धरून राहायचा.

इंग्रजांचं धोरणही सांगण्यासारखं आहे. गोरे शिपाई आजारी पडू लागले म्हणून 1864 च्या कँटोन्मेंट कायद्यापासून छावण्यांतल्या वेश्यांची नोंद आणि सक्तीची तपासणी सुरू झाली. आजारी बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये डांबायचे. आपल्या सिकंदराबादच्या छावणीतही असं इस्पितळ होतं. शिपायाला मात्र सक्ती नाही. 1868 च्या कायद्याने हीच पद्धत शहरांत आणली, आणि टीका झाल्यावर 1888 साली तो कायदा रद्द झाला. अर्धीच माणसं तपासली तर रोग आटोक्यात येणार कसा? बँकेच्या भाषेत सांगायचं तर फक्त नावेची बाजू तपासून ताळेबंद जुळत नाही.

खरी तपासणी आली 1906 मध्ये, वासरमानची रक्तचाचणी. 1910 मध्ये एर्लिकचं साल्व्हर्सान हे औषध आलं, आणि 1943 मध्ये पेनिसिलीनने उपदंश बरा होतो हे अमेरिकेत सिद्ध झालं. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला 1955 पासून पेनिसिलीन बनू लागलं. त्याआधी ते परदेशातूनच यायचं.

परत आत्याकडे येतो. 'समाजस्वास्थ्य' वाचून वडिलांना एवढं कळलं होतं की हा रोग वरून दिसला नाही तरी रक्तात सापडतो, नवऱ्याकडून बायकोला लागतो, आणि तिच्या पोटातल्या मुलालाही. 1951 साली त्यांनी मेव्हण्याला एकट्याला गाठलं. मेव्हण्याने आधी शिव्या दिल्या. महिनाभर येणं-जाणं बंद. मग एके संध्याकाळी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "चला, कुठे जायचं ते सांगा." दोघांचं रक्त सरकारी प्रयोगशाळेत गेलं. दोघांच्याही रक्तात दोष निघाला. दोघांनाही कित्येक दिवस पेनिसिलीनच्या सुया घ्याव्या लागल्या. दोघांनाही, हे महत्त्वाचं. एकालाच औषध दिलं तर दुसऱ्याकडून रोग परत येतो.

1953 साली आत्याला मुलगी झाली. धडधाकट. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला कर्वे गेले. आपल्या मासिकामुळे हैदराबादेत एक मूल जगलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आत्यालाही नाही. तिला सांगितलं होतं की ह्या 'ताकदीच्या सुया' आहेत. गाणगापूरचा नवस फळाला आला असं ती शेवटपर्यंत म्हणायची. हे सगळं वडिलांनी मला 1987 साली सांगितलं, आत्याचे यजमान गेल्यानंतर. मी म्हटलं, "तिला सांगायला नको होतं का? स्वतःला पांढऱ्या पायाची समजून जगली ती." वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर ती गेली कुठे असती?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

1996 च्या सुमारास मी शाखेत वैद्यकीय बिलं मंजूर करायच्या टेबलावर होतो. एका सहकाऱ्याच्या बिलाबरोबर एलायझा चाचणीचा कागद आला. एचआयव्ही. देशातले पहिले रुग्ण 1986 साली मद्रासच्या डॉ. सुनीती सॉलोमन ह्यांच्या चमूने शोधून काढले होते. त्यानंतर दहा वर्षांत आपल्या भागात तो पसरला होता, पण शाखेत कुणाला झालेला मी पाहिला नव्हता. मी तो कागद फायलीत ठेवला, आणि दुपारच्या चहाला शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या कानाला लागलो. फक्त एकालाच सांगितलं! आठवड्यात त्या माणसाचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला गेला. डब्याला त्याच्याशेजारी कुणी बसेना. त्याने बदली मागितली. दोन वर्षांनी तो गेल्याची बातमी आली. त्याच्या बायकोला चाचणी करून घ्यायला कुणी सांगितलं की नाही, ह्याची मी कधी चौकशीही केली नाही.

स्पर्शाने, ग्लासाने, एका ताटात जेवल्याने एचआयव्ही होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. रक्तदान शिबिरात ह्या विषयावर मी भाषणही केलेलं होतं.

तेव्हापासून 'गुप्तरोग' हा शब्द मला खुपतो. रोग लपवायचा नसतो, माणसाचं नाव लपवायचं असतं. आमच्या घरात रोग लपवला, आणि मी बँकेत नाव फोडलं. आता 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करायला मनाई आहे, त्यावरून नोकरीवरून काढताही येत नाही. 2004 पासून सरकारी केंद्रांत औषधं फुकट मिळतात. रोज गोळी घेणारा माणूस चांगला जगतो, आणि आईने वेळेवर औषध घेतलं तर बाळाला लागण सहसा होत नाही. माझ्या सहकाऱ्याला ह्यातलं काहीच मिळालं नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या लेकीसुनांचा. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही ह्या विषाणूमुळे होतो, आणि तोही शरीरसंबंधातूनच येतो. इतका सर्रास की एकनिष्ठ जोडप्यातही असू शकतो. ह्यावरचा एक फार मोठा अभ्यास कुठे झाला माहितीय? आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात! टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्सची आंतरराष्ट्रीय संस्था ह्यांनी मिळून 1,31,746 बायकांवर तो केला. 2009 साली निकाल आला. फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात ह्या कॅन्सरने 34 बायका दगावल्या. जवळपास तेवढ्याच, पण तपासणी न झालेल्या गटात 64. त्या गटाला तपासणी का दिली नाही, ह्यावर पुढे टीका झाली, ती मला रास्त वाटते. पण जगाला जे कळलं ते आमच्या खेड्यातल्या बायकांमुळे.

ह्यावर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही काढली आहे. 9 ते 14 वर्षं हे उत्तम वय, म्हणजे विषाणूशी गाठ पडण्याच्या आधी. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करावीच. घरात कुणाला दिवस गेले तर उपदंश आणि एचआयव्हीची रक्तचाचणी पहिल्या तीन महिन्यांत करून घ्या. दोष निघाला तर नवऱ्याचीही. निरोधने ह्यातले बरेच रोग टळतात. आणि भिंतीवर 'गुप्तरोग तज्ज्ञ' रंगवून लॉजमध्ये बसणाऱ्यांकडे जाऊ नका. सरकारी रुग्णालयांत मोफत केंद्रं आहेत, 1097 ह्या नंबरवर नाव न सांगता विचारता येतं.

माझी नात बारा वर्षांची. लसीचा विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, हिला आत्तापासून कशाला?" मी त्याला आत्याची गोष्ट सांगितली. सुनेने ती उभ्याउभ्याच ऐकली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली. गेल्या महिन्यात पहिला डोस झाला. नात म्हणाली, दंड थोडा दुखतोय. मग आम्ही तिघं ताजमहालमध्ये दोसा खायला गेलो.